सांगीचं सुकं फडकं

अंगणवाडीत मदतनीस म्हणून बावीस वर्षं खिचडी ढवळतेय. खिचडी रोज संपते, किस्से मात्र बुडाला लागून राहतात. खरवडाल तेवढे निघतील! हे सगळे एकाच हिवाळ्यातले, धसईकडच्या आमच्या पाड्यावरच्या सांगीचे. मागच्या खेपेला तिची पाणमोट, बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, सातव्या महिन्यातच फुटली. बाळ हाती लागलं नाय. आता पुन्हा सातवा लागला होता, आणि झोप माझी उडाली होती.

*

डॉक्टर मॅडम पाड्यावर आल्या. म्हणाल्या, "बाळाभोवतीची पिशवी पातळ असते. मशेरीनं, धुरानं ती झिजते. लोखंडाला गंज चढतो ना, तसं समजा. आवळा, पेरू, शेंगदाणे खा. त्यातली व्हिटॅमिनं हा गंज रोखायला मदत करतात. हमी नाही, पण मदत."

दुसऱ्या दिवशी बघते तर सांगीच्या सासूनं, धवळीबायनं, तिच्या रक्तवाढीच्या गोळ्याच बंद केलेल्या!

"का गो म्हातारे?"

"लोखंडाच्या ना त्या? मंग गंज नाय चढणार?"

*

मग मी बायका गोळा करून मशेरीवर भाषण ठोकलं. मॅडम कधी मागं येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाय.

"छान बोललात मावशी. आता जरा दात दाखवा."

बायका हसून लोळल्या. मी तिथंच माझी मशेरीची डबी चुलीत फेकली. तिचा धूर सगळ्यांच्या नाकात!

*

धवळीबायनं टोपलीभर आवळे आणले. मी खूश! चार दिवसांनी विचारलं तर म्हणते, "तुरट लागतात, म्हनून चांगले दोनदा उकडले. पानी काढलं नि सुनेला दिले."

"अगो, चांगलं ते सगळं पाण्यात गेलं! चोथा खायला घातलास पोरीला!"

"वाया नाय घालवलं. म्हशीला पाजलं. ती बी गाभणच हाय!"

*

सांगी लाजाळू. मागच्या वेळी पाणी गळत होतं तरी दोन दिवस गप्प बसली. म्हणून मी ठरवून दिलं, रोज सकाळी पांढरं फडकं कुडावर टाकायचं. सुकं असलं की सगळं ठीक. पाणी गेलं तर ओलं करून टाक, मी धावत येते.

एका सकाळी फडक्यातून पाणी टपकतंय! दवाखान्याच्या गाडीला फोन केला, चप्पल वाटेत टाकली, काटा टाचेत घेऊन दारात पोचले. सांगी निवांत भाकरी खातेय.

धवळीबाय म्हणाली, "मळलं व्हतं. धुतलं!"

*

नववा भरत आला. आणि एक दिवस कुडावर फडकंच नाय. ओलं नाय, सुकं नाय. दाराला कडी. म्हैस एकटी हंबरतेय.

मिळाली त्या टमटमनं मुरबाडला सरकारी दवाखाना गाठला. बाकावर धवळीबाय. तोंड हलतंय.

"इथंही मशेरी?"

तिनं आ केला. जिभेवर कच्च्या आवळ्याची फोड.

"सांगी कुठाय?"

"आत. झोपलीय."

"आणि फडकं? माझा जीव जायची वेळ आली, फडकं कुठाय?"

तिनं पदर बाजूला केला. मांडीवर ते पांढरं फडकं, आणि त्यातून दोन इवल्या मुठी बाहेर.

"सुकं व्हतं," म्हणाली, "म्हनून यालाच त्यात गुंडाळलं."