मल्लप्पाला आलेला वास

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. देवळात उभा राहिलो तरी तिथं भलतंच काहीतरी मागून परत येतो. सांगायला बसलो की — आताही बघा — हात दुसऱ्याच कामाकडे वळतो. चहा ठेवावा का? पंखा जरा जास्तच आवाज करतोय का? तेव्हा तुम्ही थोडा धीर धरा. मी वळणं घेत येईन, पण येईन.

आधी माझं काम सांगतो. हुबळीच्या बायपासजवळ एका वर्कशॉपमध्ये मी गॅसवर चालणारे ट्रक दुरुस्त करतो. पूर्वी डिझेलच्याच गाड्या करत होतो. मग सीएनजीचे मोठे ट्रक आले, वर्कशॉपनं मला शिकायला पाठवलं, आणि परत आलो तो 'गॅसवाले अण्णा' होऊनच. या ट्रकच्या केबिनमागे टाक्या रांगेनं बसवलेल्या असतात. त्यातला गॅस प्रचंड दाबानं बारीक पाइपांतून निघतो, रेग्युलेटरमध्ये त्याचा दाब उतरतो आणि मग तो इंजिनात जातो. या सगळ्या वाटेवर कुठे गळत नाही ना, हे बघणं म्हणजे माझं निम्मं काम. गॅसला स्वतःचा वास नसतो. माणसाला कळावं म्हणून त्यात सडक्या कोबीसारखा एक वास मुद्दाम घातलेला असतो.

आणि वास — वास म्हणजे मी, असं झालं होतं.

आमचं घराणं मूळचं मिरजेकडचं. आजोबांनी हुबळीच्या बाजारात मसाल्याचं दुकान टाकलं, अप्पांनी ते चालवलं. लहानपणी मी ब्याडगी मिरचीच्या पोत्यात नुसतं नाक घालून सांगायचो, ही यंदाची, ही गेल्या साली गोदामात राहिलेली. हिंगात भेसळ असली तर मला डबा उघडायच्या आत कळायचं. अप्पा कधी कुणाचं तोंडावर कौतुक करणारे नव्हते. पण गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "आमच्या पोराचं नाक बघा." शाळेत मी ढ होतो, हिशेबात कच्चा होतो, दुकान शेवटी भावाकडे गेलं. मला मिळालं ते हे नाक.

वर्कशॉपमध्ये त्याचं नाव झालं. बाकीचे यंत्र घेऊन फिरायचे, साबणाचं पाणी शिंपडून फेस येतो का बघायचे. मी गाडीभोवती एक चक्कर मारायचो आणि बोट दाखवायचो. तिथं पाणी टाकलं की फेस यायचाच. गाड्यांचे मालक आपल्या पाहुण्यांना घेऊन यायचे, हे बघायला. मला आवडायचं का? अहो, आवडायचं म्हणजे काय! यंत्रवाल्यांची मी चेष्टा करायचो, त्यांना नाडी न कळणारे डॉक्टर म्हणायचो.

मग ती साथ आली. मीही आजारी पडलो. ताप उतरला, खोकला गेला, जेवण जायला लागलं. वास मात्र परत आला नाही. मला ते कळलं कसं, तर एका सकाळी मी स्वयंपाकघरात शेगडीसमोरच स्टुलावर बसून पेपर वाचत होतो आणि दूध करपून पातेलं काळं झालं. बायको अंगणातून धावत आली. तुमचं लक्ष कुठे असतं, म्हणाली. मी म्हटलं, हो गं, चुकलंच, बातमीत गुंतलो होतो. ती पहिली थाप. इतकी सोपी गेली की पुढच्यांची भीतीच राहिली नाही.

येईल परत, असं मनाशी म्हणत राहिलो. वर्कशॉपमध्ये काय सांगणार होतो? नाक गेलेला गॅसवाला? मी सकाळी सगळ्यांच्या आधी जायचो, गाडीवर साबणाचं पाणी मारून गळती शोधून ठेवायचो, पुसून टाकायचो, आणि मग सगळे जमले की चक्कर मारून बोट दाखवायचो. तुम्हाला हसू येईल. मलाही कधीकधी आलं. पण यात गाडी तपासली तर जात होती ना? कुणाचं वाईट तर होत नव्हतं ना? असंच मी स्वतःला समजावत होतो.

मग मल्लप्पा आला.

मल्लप्पा ड्रायव्हर होता. इथून जवळच्या बेलूरच्या कारखान्यांतला माल भरून घाटातून कारवारकडे जायचा. अबोल माणूस, वयानं माझ्याहून थोडा मोठा, तरी मला अण्णाच म्हणायचा. गाडी स्वतःच्या बैलासारखी सांभाळायचा. दारूला शिवत नव्हता, हे सगळ्या लाइनला माहीत होतं — आणि मलाही माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

तो दुपारी गाडी घेऊन आला, मागोमाग त्याचा मालक जीपमधून. मालकासोबत आणखी दोन-तीन ट्रकवाले. मालक चिडलेला होता. माल भरून तयार आणि मल्लप्पा म्हणतोय, घाटात केबिनमध्ये वास येतो, डोकं दुखतं, दुरुस्त केल्याशिवाय गाडी नेणार नाही. मालकाला वाटत होतं, याला घाट नकोय म्हणून सोंग करतोय. मल्लप्पा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "वासनी बरतैत्री, अण्णा." वास येतोय. त्याला खात्री होती की मला येणारच.

मालक म्हणाला, अण्णांनी वास घेऊन सांगू दे. ते आहे म्हणाले तर आहे, नाही म्हणाले तर नाही.

मी साबणाच्या पाण्याची बाटली उचलली. खरंच उचलली होती, हातात होती. तेवढ्यात मालक हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय ओ अण्णा, तुम्हाला कधीपासून साबण लागालाय?"

आणि मी बाटली खाली ठेवली.

एवढंच. दुसरं काही झालं नाही. कुणी माझा हात धरला नव्हता. साबण मारूनच तपासायचं हा नियम माझ्या बाजूनं होता, बाटली माझी होती. हसून 'आज सर्दी आहे हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते ट्रकवाले बघत होते, आणि मला त्यांच्या तोंडावरचं ते कौतुक हवं होतं. मी केबिनमध्ये चढलो, मागच्या पाइपांशी वाकलो, डोळे मिटून लांब श्वास घेतला. काही नाही. काही येणारच नव्हतं. तिथं टाकी फुटली असती तरी मला आलं नसतं.

"वास नाही," मी म्हणालो.

इथंच थांबलो असतो तर आज निदान एक गोष्ट कमी सांगावी लागली असती. पण मल्लप्पा माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे, गोंधळून. ते बघणं मला सोसेना. म्हणून मी हसत त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मल्लप्पा, वास बाहेर शोधू नको. काल काय घेतलंस ते आठव."

सगळे हसले. मालक सगळ्यांत जास्त हसला. मल्लप्पानं खिशातून किल्ली काढून बॉनेटवर ठेवली, आपली पिशवी उचलली आणि फाटकाबाहेर गेला.

आमची लाइन लहान आहे. संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळ्या टपऱ्यांवर पोहोचली. वासवाला मल्लप्पा म्हणायला लागले त्याला. ज्यानं दारूचा थेंब घेतला नाही त्याला कामाला ठेवताना लोक त्याचं तोंड हुंगून बघायला लागले. हे मला एका ड्रायव्हरनंच हसत सांगितलं, आणि मीही हसलो. काही दिवस जुन्या हुबळीत मेव्हण्याच्या पंक्चरच्या दुकानात मल्लप्पा बसायचा. मी तो रस्ता सोडला. मग ऐकलं की तो बायकोच्या गावी, अळणावरला गेला, तिथं लाकडाच्या वखारीत राखण करतो.

पुढे ती गाडी सर्व्हिसला आली. नवा ड्रायव्हर होता, तंबाखूनं तोंड भरलेला, त्याला कसला वास येतोय. तो जेवायला गेला आणि मी एकटाच होतो. मी साबणाचं पाणी मारलं. केबिनच्या मागे, जिथून आत हवा शिरते त्याच्या अगदी खाली, पाइपच्या जॉइंटवर फेस आला. बारीक, पांढरा, फुगत जाणारा. मी पुसला, परत मारलं, परत आला. चासीला जरा पीळ पडला की तो जॉइंट जास्त उघडत असणार. म्हणून घाटात. मल्लप्पा घाट म्हणाला होता.

दाब असताना जॉइंट आवळायचा नसतो, ही या कामातली पहिली शिकवण. मी टाकीचे व्हॉल्व्ह बंद केले, पाइप रिकामा केला, जॉइंट बदलला, गॅस सोडून परत तपासला. काम चोख केलं. फोन शर्टाच्या खिशात होता. मालकाला एक फोन — तुमचा मल्लप्पा खरं बोलत होता. केला का? नाही केला. मालक आल्यावर म्हणालो, सर्व्हिस झाली, गाडी उत्तम आहे. तो नवा ड्रायव्हर इतके दिवस त्या केबिनमध्ये बसून घाट चढत-उतरत होता, केबिनमध्ये विडी ओढत होता. याचा विचार मला त्या वेळी आला नाही. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं, की कुणी बघितलं नाही.

त्यानंतर मी यंत्राशिवाय आणि साबणाच्या पाण्याशिवाय एकही गाडी सोडलेली नाही. पोरांना सांगतो, नाकावर जाऊ नका. अण्णा आता शिस्तीचे झाले, असं म्हणतात. वर्कशॉपनं त्याबद्दल माझा सत्कार केला, हार घातला. गुलाबाचा होता, घमघमत होता म्हणे.

गेल्या हिवाळ्यात मल्लप्पाचा फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता, आवाज ओळखला आणि मी फोन घेऊन वर्कशॉपच्या मागे गेलो. पण तो आपला हळूच विचारत होता, अण्णा, अळणावरकडे कधी येणं होईल का? घरातल्या शेगडीपाशी मला वास येतोय असं वाटतं. बायको म्हणते, येत नाही. आणि मग तो जे म्हणाला ते मी कितीदा आठवलं असेल कोण जाणे. म्हणाला, "माझ्या नाकाचा भरवसा नाही ओ. तुम्हाला माहीतच आहे."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी काहीतरी उलट बोलून मोकळा झालो असतो. तो खरंच तसं मानत होता. मी नाही म्हणालो म्हणजे नसणारच. मग आपल्यालाच काहीतरी झालंय, असं धरून तो स्टिअरिंगवरून उतरला होता. त्याला कुणी काम दिलं नाही हे खरं, पण नंतर नंतर त्यानंही मागितलं नव्हतं. ज्याला नसलेला वास येतो त्यानं लोकांचा माल घेऊन घाटात कशाला जायचं, असं त्याला वाटलं. हे त्यानं मला चहा पिताना सांगितलं.

हो, मी गेलो. रेल्वेनं गेलो, रविवारी. लहानसं स्वच्छ घर. मल्लप्पा मला शेगडीपाशी घेऊन गेला आणि बाजूला उभा राहिला — मी वास घेईन म्हणून. मी त्याच्या बायकोकडे साबणाचं पाणी मागितलं. रबरी नळीवर टाकलं. सिलिंडरच्या बाजूला, टोकाशी, फेस आला.

मल्लप्पाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यानं बायकोला हाक मारली, बघ म्हणाला, बघ, मी सांगत होतो ना! मग माझ्याकडे वळून, लाजत, म्हणाला, "अण्णा, या खेपेला बरोबर आलं की मला."

या खेपेला.

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. त्या खेपेलाही, मल्लप्पा — एवढंच म्हणायचं होतं. घरात आम्ही तिघंच होतो. कुणी हसणारं नव्हतं. कसलं कौतुक पणाला लागलेलं नव्हतं. मी म्हणालो, "नळी बदलून घ्या. तोवर सिलिंडर बंद ठेवा."

निघताना त्याच्या बायकोनं आंबेमोहोर तांदळाची पिशवी हातात दिली. तिच्याच भावाच्या शेतातला. शिजताना सगळं घर भरतं, म्हणाली. मी नको म्हणालो, तिनं ऐकलं नाही. मल्लप्पा स्टेशनपर्यंत पोहोचवायला आला, गाडी हलेपर्यंत हात हलवत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी बायकोनं तो भात लावला. वास बघा किती सुंदर, म्हणाली. मी म्हणालो, हो, छान येतोय.

मल्लप्पाला त्या गाडीत वास आला, कारण त्या गाडीत गॅस गळत होता. एवढं एक वाक्य आहे. अळणावरला जाणारी गाडी रोज सुटते, त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी ते वाक्य तुम्हाला सांगितलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.