येळवशीची भज्जी आणि साहेबांचा शब्द

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वाकडंतिकडं आहे. चौथीनंतर माझी शाळा सुटली. हे कुणाच्या हाती लागलंच तर त्यानं माफ करावं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. माझे धाकटे दीर नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, एका साहेबांना शेतात जेवायला घेऊन आले. त्या दिवशी ज्याला शेत नाही त्यालाही आमच्याकडं बोलावतात. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, पंगत बसली. धाकट्या जावेच्या हातची आंबील पिऊन साहेब म्हणाले, "वा, यू एक्सेल!" तिला कळेना, तर त्यांनीच सांगितलं, "एक्सेल म्हणजे एखाद्या कामात सगळ्यांहून सरस असणं."

भज्जी, म्हणजे तुरीच्या-हरभऱ्याच्या हिरव्या दाण्यांची बेसनातली भाजी, माझी होती. तिच्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

वर्षभर तो शब्द घरात नांदला. म्हशीनं जास्त दूध दिलं की जाऊ म्हणायची, "लई एक्सेल करायली बया!" सासूबाई हसायच्या. मला हसू येत नव्हतं. आपल्यात वरचढ म्हटलं की कुणापेक्षा, ते लोक विचारतात. या शब्दाला ते लागत नव्हतं. ती एक्सेल करते, बस्स. मागं कोण राहिलं त्याचं नावसुद्धा नाही. मागं मीच होते.

पुढच्या साली पाऊस आला नाही. विहिरीत गाळ, तुरीच्या शेंगा पोकळ. साहेब मात्र पुन्हा येणार होते. हिरव्या शेंगांशिवाय भज्जी कसली? बाजारात शेंगा होत्या, पण भाव विचारायची सोय नव्हती. नवरा नोकरीला, म्हणून घरात पैसे असायचे ते जावेकडंच. वीस रुपये मागितले. कशाला, हे तिनं विचारलं नाही. तिला मागं टाकायला पैसे तिचेच घेतले.

साहेबांनी दोनदा भज्जी मागून घेतली. "कुणी केली?" मी लाजून कोपीमागं गेले. जाऊच ओरडली, "आमच्या आक्कानं! साहेब, त्या एक्सेल करतात!"

साहेब खूश झाले. "बघा, कसा बरोबर वापरला शब्द! हुशार आहेस गं."

शाबासकी पुन्हा तिलाच. दुसऱ्यांदा मागून घेतलेली माझी भज्जी त्यांच्या ताटात तशीच होती.

पुढं पाऊस झाला. दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊन मी दोन-चार रुपये करत तिचे पैसे देत गेले. ती म्हणायची, "राहू द्या की आक्का, मी कुठं मागितले?" त्याचाही मला राग यायचा. असं म्हणणं मला कधी जमलं नसतं.

दिवाळीआधी शेवटची पाचाची नोट तिच्या हातावर ठेवली.

"मोज."

"एकच तर नोट हाय, आक्का."

"तरी मोज."

तिनं मोजली. सगळे फिटले.