भीमदांचा घसा

साऊंड भाड्याने न्यायला येणारा माणूस आधी सांगतो, कार्यक्रम कसला आहे. हळद, वाढदिवस, गणपती, जत्रा. त्यावरून मी यादी करते: बॉक्स किती, माईक किती, जनरेटर लागेल की नाही. भीमदांनी आधी सांगितलं, "वैनी, ऐकाय कुणी येणार न्हाई."

"मग साऊंड कशाला?"

"आमाला ऐकू यायला पायजे न्हवं!"

भीमदा माझ्या यजमानांचे शाळासोबती, म्हणून मी वहिनी. यजमान गेल्यावर विट्याची साऊंड सर्व्हिस मी चालवायला घेतली होती आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सोय नव्हती. दुपारी त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सामान लावलं. गिटार घेतलेले दोघे भाऊ होते, सचिन आणि त्याचा धाकटा, आणि बेंजो पार्टीत वाजवणारा एक ड्रमवाला. पन्नाशीचे भीमदा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, अशा वेशात माईकसमोर उभे राहिले आणि तोंड उघडलं. बॉक्स फाटला असं समजून मी मशीन बंद केलं.

"बॉक्स बरा हाय, वैनी," भीमदा म्हणाले. "ह्यो मी हाय."

भीमदांनी बावीस वर्षं कोइमतूरला गलाईचं दुकान चालवलं. जुने दागिने वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं करायचं, हे विट्याच्या माणसांचं काम देशभर चालतं. भट्टीची धग, तेजाबाची वाफ आणि ती बाहेर ओढणारा पंखा. त्या पंख्याच्या आवाजात शेजारचा माणूसही ऐकू येत नसे. फक्त वरच्या मजल्यावरचा एक इंजिनिअर लावायचा ती गाणी ऐकू येत. वर्षभर ऐकल्यावर भीमदांनी त्याला विचारलं, ही भाषा कुठली? तो म्हणाला, फिनलंडची. मेटल म्हणतात या संगीताला.

"ह्यास्नी इंग्रजी येत न्हाई व्हय?"

"येतं. पण गातात आपल्याच भाषेत. देशोदेशी गाडी घेऊन फिरतात, आणि लोक न कळताही सोबत ओरडतात."

हे सांगताना भीमदा प्रत्येक वेळी थांबायचे. "वैनी, बावीस वर्सं मी दुकानात तमिळ बोललो आन् घरात आपलं. मला वाटायचं, आपलं बोलणं घरात ठिवायचं असतंय. ह्या गड्यांनी त्ये गाडीत घातलं आन् जगभर न्हेलं!"

त्यांच्याकडे एक वही होती. डाव्या पानावर त्या बँडची फिनिश गाणी देवनागरीत, उजव्या पानावर फोनला आणि इंजिनिअरला विचारून लिहिलेला अर्थ. बर्फ, जंगल, लोखंड, मेलेले पूर्वज. मी म्हटलं, आपल्याकडे कुठलं आलंय बर्फ? भीमदा म्हणाले, "तिकडं माणूस बर्फात मरतोय, हिकडं उन्हात. वरडायचं कारण येकच."

दुकान धाकट्या भावाकडे सोपवून ते विट्याला आले ते हे करायलाच. बँडचं नाव ठेवलं 'मूस', सोनं वितळवायचं भांडं. गाणी त्यांनी स्वतः लिहिली. भट्टीवर एक, उन्हात चालून चालून खुर झिजलेल्या मेंढीवर एक, आणि सगळ्यात गाजलेलं 'लांडगा':

लांडगा आला माळावरनं,
कुत्रं गप, काठी गप,
तू तरी म्हण रं गड्या, हाड!

प्रत्येक सराव ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवत, बिघडलेला तर हमखास. गलाईच्या दुकानात झाडलेली धूळ टाकत नाहीत, कारण तिच्यात सोन्याचे कण असतात. "फेकायचं काय न्हाई. गाळायचं," हे त्यांचं वाक्य. त्या रेकॉर्डिंगना नावं आणि क्रम लावायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मग तारखा ठरवायचं आणि टेम्पोचंही. कऱ्हाड, इस्लामपूर, सातारा, कोल्हापूर. माझ्या यादीत पहिली ओळ केबलची नसे. भीमदांच्या गरम पाण्याच्या थर्मासची आणि ज्येष्ठमधाची असे.

वडूजजवळच्या एका जत्रेत बँड म्हणजे ऑर्केस्ट्रा असं समजून कमिटीने आम्हाला बोलावलं. 'लांडगा' संपलं आणि मांडवात टाळी नाही. पहिल्या रांगेतला एक म्हातारा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "पावणं, लांडग्याला असं वरडत न्हाईत. तुमचं संपस्तवर त्यो कोकरू घिऊन डोंगरापल्याड जाईल."

लोक खो खो हसले. भीमदा खाली उतरले आणि म्हाताऱ्यापुढे माईक धरला. "मग दावा की, आबा."

"माजं दात गेलं. ए मंगल, दाव ह्यास्नी."

मंगल त्याची मुलगी, तिशीची, वडूजला पिठाची गिरणी चालवणारी. तिने माईक बाजूला सारला, पदर खोचला आणि एकच आरोळी दिली. मांडवामागची कुत्री भुंकायला लागली. पोटातून आलेली, घसा न ताणलेली ती हाक मशिनीशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेली. भीमदा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वैनी, तिचा नंबर घ्या."

गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी मंगल एसटीने विट्याला येऊ लागली. मुख्य गाणं भीमदांचं, मागची हाक तिची. वर्षभर दोघांची चांगली जुंपायची. ती म्हणायची, "भीमदा, तुमी घशातनं वरडताय. घसा काय सरकारी हाय व्हय?" ते म्हणायचे, "पीठ दळ गप."

मग पुण्याहून निरोप आला. भीमदांच्या वहीतला तो फिनिश बँड भारतात येत होता. त्यांच्याआधी पंचवीस मिनिटं वाजवायला आयोजकांनी 'मूस'ची निवड केली होती. भीमदांनी तो निरोप माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. त्याच आठवड्यात त्यांचा आवाज बसला. ज्येष्ठमध, हळद, मध, कशानेही उठेना. मी त्यांना मिरजेला नेलं.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ. ऑपरेशन लगेच करा, नंतर तीन आठवडे पूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. पुढे बोलता येईल. ओरडता मात्र कधीच येणार नाही.

"दोन म्हैन्यांनी केलं तर?" भीमदांनी विचारलं. कार्यक्रम तेव्हा होता.

"तर बोलता येईल याचीही खात्री देत नाही."

सचिनचं म्हणणं साधं होतं. "दादा, पंचवीस मिन्टं. येवढं एक करा, मग करा ऑपरेशन." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. ज्या कार्यक्रमासाठी माणूस जन्मभर थांबला, तो त्याच्याकडून कसा काढून घ्यायचा?

तिसऱ्या दिवशी भीमदा माझ्या गोदामात आले. "वैनी, दोन याद्या करा. येक मी गाणार म्हणून, येक मंगल गाणार म्हणून." मी केल्या. त्यांनी दोन्ही उभ्याने वाचल्या आणि आपल्या नावाची फाडली. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पंचवीस मिन्टात माजी हौस फिटंल. पर गाणी माज्याच घशात ऱ्हायली, तर घशासंगं जातील."

मंगल तयार नव्हती. "मला लांडगा हाकलाय येतंय. सबंध गाणं न्हाई. आन् तुमी मुकं, शिकवणार कसं?"

भीमदांनी शिकवलं ते भात्यावर. ऑपरेशनहून आल्यावर पाचव्या दिवशी त्यांनी शेडच्या कोपऱ्यातली जुनी भट्टी पेटवली. भात्याचा दांडा ते जसा दाबतील तसा मंगलने श्वास घ्यायचा, जसा सोडतील तसा सोडायचा. मग तिच्या हातात फुंकणी दिली. दिव्याची ज्योत फुंकरीने आडवी करायची आणि ओळ संपेपर्यंत आडवीच धरायची. थरथरली की पुन्हा पहिल्यापासून. आठवड्यातून एकदा होणारा सराव चारदा होऊ लागला. गिरणीवर मंगलचा नवरा बसू लागला.

एकदा ती चिडली. "म्या गाणं शिकाय आले का चूल पेटवाय?"

भीमदांनी पाटीवर लिहिलं: चूल पेटवाय तुला येती. इझू न देनं शिक.

पुण्याला आम्ही वाजवायला लागलो तेव्हा ऊन अजून होतं. पहिल्या गाण्यात मंगल घाईने आधीच सुरू झाली; ड्रमवाल्याने गाठलं. दुसरं बरं गेलं, पण मधे तिचा दम तुटला. तिसरं 'लांडगा'. पहिल्या 'हाड'ला समोरची पोरं नुसती पाहत राहिली. दुसऱ्याला शंभरेक ओरडली. तिसऱ्याला अख्खं मैदान ओरडलं, ज्यांना मराठी येत होतं तेही आणि येत नव्हतं तेही. फिनलंडची मंडळी कडेला उभी होती. त्यांच्यातला एकजण सामानाच्या पेटीवर तळहाताने ठेका धरून तेच ओरडत होता.

भीमदा माझ्या शेजारी होते. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या, तोंड उघडलं. मी त्यांचा दंड धरणार, एवढ्यात त्यांनी गळ्यातल्या मफलरचं टोक तोंडात कोंबलं आणि दातांनी दाबून धरलं. गाणं संपेपर्यंत सोडलं नाही. त्या मैदानात तेवढा एकच माणूस गप्प होता.

सकाळी परतताना खंबाटकीच्या अलीकडे चहाला थांबलो. सचिन म्हणाला, "झालं, दादा. पायजे व्हतं त्ये झालं. आता काय?"

भीमदांचा नवा आवाज बारीक होता, ऐकायला जवळ सरकावं लागे. "पुण्याला जायाचं म्हणून बँड काडला न्हवता. वैनी, फुडची तारीख कुठली?"

"रविवारी. आटपाडीजवळ, जत्रा."

"मंगल, दुसऱ्या गाण्यात दम मधीच सोडलास. रविवारी सोडू नगंस."

"व्हय," मंगल म्हणाली. "आन् तुमी मफलर खाऊ नगा."

त्यानंतर दोन वर्षं भीमदा प्रत्येक कार्यक्रमाला आले. टेम्पोत पुढच्या सीटवर बसून, घरी पोचेपर्यंत चुका सांगत. गेल्या हिवाळ्यात ते गेले, हृदयविकाराच्या झटक्याने, शेडमध्येच. पाचव्या दिवशी सांगलीला कार्यक्रम होता. तो रद्द करतो आहोत असा निरोप मी लिहिला होता, पाठवायचा बाकी होता, तेवढ्यात मंगलचा फोन आला.

"वैनी, गाडी कवा काढताय?"

"मंगल, अजून चार दिवससुद्धा झाले नाहीत गं."

"म्हाईत हाय मला." मागे गिरणी चालू होती, तरी तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. "तारीख दिल्याली हाय न्हवं?"

मी लिहिलेला निरोप पुसला. "उद्या सकाळी सातला काढते."

"साडेसात करा. वडूजची पयली एसटी सात वीसला पोचती."

मी यादीत साडेसात लिहिलं.