काठावरचं नाव

मंगळवारी दुपारी कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकने माझ्या भावाच्या मोटारसायकलला धडक दिली. तो गोंदियाहून गंज, म्हणजे स्टीलचं मोठं पातेलं, विकत घेऊन सडक अर्जुनीला घरी येत होता. तो जागीच गेला.

गंज स्वयंपाकासाठी नव्हता. भाऊ बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता, आणि सूर्याच्या पोटात अणू एकमेकांत कसे मिसळतात, याने त्याला झपाटलं होतं. हौशी विद्यार्थी घरच्या घरी एक यंत्र करतात, हे त्याने इंटरनेटवर पाहिलं होतं. भांड्यातली हवा उपसायची, आत तारेची जाळी टांगायची, तिला उच्च दाबाची वीज द्यायची. खरं फ्यूजन त्यात होणार नव्हतं. त्यासाठीचा वायू आपल्याला कोणी देणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. जाळीभोवती जांभळा उजेड पेटतो, तेवढा एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. कॉलेजातले सर म्हणाले, "पहले पास तो हो जा." त्याने हवा उपसायला बंद पडलेल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर आणला आणि भांडं म्हणून आईच्या मांडणीवरचा जाड स्टीलचा गंज उचलला.

"काऊन रे, गंज कायले नेऊन राहिला?"

"सूर्य शिजवाचा हाय, आई."

"मंग भात कशात मांडू? चंद्रात?"

घरात आम्ही तिघंच. तिघंही हसलो.

गंजावर जाड काच ठेवली, मध्ये रबराची कडी बसवली, तरी हवा कुठून तरी आत शिरायची. तो काठावर बोटभर जागेत ग्रीस लावायचा, आतला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा पाहायचा, पुसायचा आणि पुढे सरकायचा. शेवटी एके ठिकाणी काटा हलला. तिथे मामाचं नाव होतं. आईच्या लग्नात मामाने गंज दिला, तेव्हा भांड्यांच्या दुकानात टोचून घातलेलं. त्या ठिपक्यांच्या खळग्यांतून हवा जात होती. ग्रीस थोडा वेळ टिकायचं, मग आत ओढलं जायचं. काठ घासून सपाट करावा म्हणून तो कानस घेऊन बसला.

आईने कानस हिसकावली. मामा तरुणपणीच गेले होते.

"माह्या भावाचं नाव हाय ते. घासशील तं याद राख."

"आई, नावानं का होते?"

"तुहं कोणी मेलं नाही अजून, म्हणून बोलून राहिला."

त्याने काठावरचं ग्रीस पुसलं. गोंदियाहून दुसरा गंज आणतो, म्हणाला.

तेरवीला तेच सर आले. तालुक्याने एक शास्त्रज्ञ गमावला, असं म्हणाले आणि भात मागून घेऊन जेवले. पाहुणे गेल्यावर आईने मामाचा गंज माझ्यापुढे ठेवला. सोबत कानस.

"घास."

"आता कायले?"

ती तिथेच बसून राहिली. मी उठून शाळेतल्या मुलांचे पेपर तपासायला घेतले. तिची समजूत काढावी असं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. मेलेल्या भावासाठी तिने जिवंत मुलाला रस्त्यावर पाठवलं, असं माझं मन म्हणतं. हे न्यायाचं नाही, हेही कळतं. कळून उपयोग होत नाही.

कॉम्प्रेसर कबाडीवाला घेऊन गेला. तो जांभळा उजेड मी मोबाईलवर परक्यांच्या यंत्रात पाहिला. आमच्या घरात तो कोणी पाहिला नाही.

आता घरात आम्ही दोघी आहोत. ती आधी जेवते. मी नंतर.