शेवटचा धबधबा खाली आहे

खानवेलच्या पुढे डोंगरात एक पायवाट आहे. दोन लहान धबधब्यांवरून ती दरीत उतरते, आणि तळाशी तिसरा, सगळ्यांत मोठा धबधबा. उतरायला पाऊण तास पुरतो. तेवढ्या वेळात मला सासूबाईंना एकच वाक्य सांगायचं होतं, आणि तेच मला सांगायचं नव्हतं.

गणपती झाल्यावर त्या आमच्याकडे सामरवरणीला आल्या. सासरे गेल्यावर धुळ्याच्या घरी एकट्या पडल्या होत्या. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यांचे गुडघे कामातून गेलेले. तोंड मात्र ठणठणीत. आमटीत गूळ का घातलास, तुझी शाळा दोनला सुटते तर तू शिकवून चारला कशी येतेस. मी गुहागरची, ऐकून घेणाऱ्यातली नाही. दोन महिने आम्ही एकमेकींना पुरून उरलो. मला सासूबाई घरात नको होत्या, हे सरळच लिहिते.

तेवढ्यात आमच्याच बिल्डिंगमधली तळमजल्यावरची खोली रिकामी झाली. नवऱ्याने ती आईसाठी धरून ठेवली. मला म्हणाला, "तू सांग तिला. मी सांगितलं तर तिला वाटेल, तुझ्या मनात नाही. तुझ्या तोंडून आलं तर राहील." नाही आलं तर जाईल, हे त्याने न बोलताही मला कळलं.

मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी तो आम्हा दोघींना तिथे घेऊन गेला आणि स्वतः वरच थांबला. म्हणे, कंपनीत मशीन बंद पडलंय, फोन येईल, दरीत रेंज नसते. सोंग होतं सगळं.

वाटेच्या तोंडाशी चहाची टपरी होती. मोठा धबधबा कुठे, असं मी गुजराती टपरीवाल्याला विचारलं.

"छेल्लो खाली छे, बेन."

"शेवटचा खाली आहे म्हणतो. चला," मी म्हटलं.

"रिकामा शे म्हनस तो," सासूबाई म्हणाल्या. "पानी नही शे."

त्यांच्या अहिराणीत खालच्या अंगाला 'खाले' म्हणतात. 'खाली' म्हणजे रिकामं, गुजरातीतल्यासारखंच. त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. मला गुजराती येत नाही असं नाही, पण कान शेवटी कोकणातला. शिवाय त्यांनी मला चूक काढून दाखवावी, हे मला सहन होईना.

"आई, मी अकरा वर्षं इथे राहते," मी म्हटलं.

"मंग चाल."

पहिल्या धबधब्याला सुतळीएवढी धार होती. दुसऱ्याला जरा बरं पाणी होतं. सासूबाई तिथल्या दगडावर बसल्या, ओंजळीने पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"काही सांगनं शे का तुले?"

"काही नाही. उशीर होतोय."

पुढची उतरण वाईट होती. सागाच्या वाळक्या पानांवरून पाय सटकत होता. त्या तिरक्या होऊन, झाडं धरत उतरत होत्या. मागितला असता तर मी हात दिला असता. त्यांनी मागितला नाही आणि मी दिला नाही. मी चार पावलं पुढेच चालत होते, मुद्दाम.

तळाशी उघडा काळा कातळ होता, पाण्याचा टिपूस नाही. मध्येच कुठेतरी बंधारा घातला असावा. कुंडात चिप्सची पाकिटं पडलेली. आता बोलतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी कातळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चढायला लागल्या. चढताना पाच वेळा थांबल्या.

वर नवऱ्याने डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली, सांगितलं म्हणून. घरी पोचल्या पोचल्या सासूबाईंनी बॅग भरायला घेतली. खोलीचं ऐकूनही आई राहत नाही, असं तो समजला आणि गप्प बसला. मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बुधवारी त्यांना धुळ्याला जायला नाशिकच्या बसमध्ये बसवलं. नवरा पाण्याची बाटली आणायला गेला. मी खिडकीखाली उभी होते.

"खालनी खोली कोनले दिधी?" त्यांनी विचारलं.

नवरा येतोय का, ते मी मागे वळून बघितलं.

"पोऱ्यानी माले त्या रविवारी सकायमाच सांगेल व्हतं. म्हने, ती सांगी तुले." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. रागावलेल्या नव्हत्या, तेच मला झेपलं नाही. "पानी नही शे, हाई तं माले वरच समजनं व्हतं. तू सांगशी म्हनीसन उतरनू."