बाहुलीतला माझा आवाज

भावाचा फोन आला तेव्हा मी कर्वेनगरच्या घरी मटार सोलत बसले होते.

"ताई, बाहुली परत काढायची म्हणतोय."

मला वाटलं माळ्यावरून. म्हटलं, "काढ की. पण शिडी नीट धरायला सांग कुणाला तरी."

"अगं, बाजारात काढायची म्हणतोय."

आमच्या वडिलांचा बिबवेवाडीत प्लॅस्टिकच्या वस्तूंचा छोटा कारखाना होता. साबणाच्या डब्या, कंगवे, बादल्यांच्या मुठी. त्यातच एकदा त्यांनी बोलकी बाहुली केली. दोन वेण्या, ठिपक्यांचा फ्रॉक आणि पोटात तळहाताएवढी तबकडी. पोट दाबलं की ती बोलायची. पाच वाक्यं होती आणि आवाज माझा होता. मी तेव्हा पहिलीत होते.

ते रेकॉर्डिंग सदाशिव पेठेतल्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या बंद खोलीत झालं. भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं होतं, आणि मधे मोठी काच. मी काचेच्या आत एकटी. पलीकडे आई उभी राहून नुसते ओठ हलवायची, मी ते बघून म्हणायचं. 'आई, कडेवर घे ना.' 'मला भूक लागली.' 'गोष्ट सांग.' 'मी शहाणी आहे की नाही?' चार वाक्यं झाली. पाचवं 'टाटा, परत ये हं' असं ठरलेलं होतं. पण मध्येच आई माझ्यासाठी पाणी आणायला बाहेर गेली. मी मान वर केली तर काचेपलीकडे कुणीच नाही. वडील यंत्रावर वाकलेले, त्यामुळे तेही दिसेनात. मी म्हणाले, "आई, तू कुठे गेलीस?" आणि रडायला लागले. खोलीचे मालक दारातून म्हणाले, "रडायचं असेल तर घरी नेऊन रडवा. इथे यंत्र चालू आहे."

यंत्र चालू होतं, म्हणूनच ते वाक्य राहिलं. वडिलांनी घरी ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "हेच पाचवं." आईला ते आवडलं नव्हतं. बाहुल्यांच्या पेट्या बांधायला ती कारखान्यात यायची, ते तिने बंद केलं.

बाहुली काही वर्षं चांगली खपली. शाळेत मुली माझं पोट दाबून पळायच्या. मग रिमोटच्या गाड्या आल्या, बाहेरून स्वस्त खेळणी आली, आणि वडिलांनी साच्याला तेल लावून तो गोणपाटात गुंडाळून ठेवला. पुढे कारखानाही गेला, वडीलही गेले. साचा मात्र भावाच्या पार्किंगमध्ये तसाच पडून होता.

भावाला त्या वर्षी त्याच्या कंपनीने नोकरीतून मोकळं केलं होतं. हे त्याने मला सांगितलं नव्हतं, भावजयीने सांगितलं. त्यामुळे बाहुलीचं वेड कुठून आलं ते मला कळत होतं आणि मी त्याला मोडता घालत नव्हते. तसा तो हुशार. तो म्हणाला, "बंद पडलेलं खेळणं परत चालवायचं असेल तर ते मुलांना विकायचं नसतं, ताई. ज्यांचं हरवलंय त्यांना विकायचं."

त्याने जुन्या बाहुलीचा फोटो इंटरनेटवर टाकला. खाली बायकांची रीघ लागली. सगळ्या माझ्या वयाच्या, चाळिशी ओलांडलेल्या. कुणाची बाहुली न विचारता मावसबहिणीला दिली होती, कुणाची घर बदलताना गेली होती. सगळ्यांना चेहरा तसाच हवा होता. फ्रॉकचे ठिपकेसुद्धा तेवढेच. मी एका संध्याकाळी बसून ते सगळं वाचलं. जवळजवळ प्रत्येकीला पाचवं वाक्य आठवत होतं. एकीने लिहिलं होतं, 'ते वाक्य आलं की मी तिला चादरीत गुंडाळून कपाटात ठेवायचे. तरी मला आतून ऐकू यायचं. आता ती मिळाली तर मी तिला बाहेरच ठेवीन.'

मी फोन बंद करून ठेवला. माझ्या एका रडण्याने परक्या घरांतल्या इतक्या मुलींची झोप उडवली होती हे मला माहीतच नव्हतं.

साचा ठीक निघाला. अडलं ते आवाजावर. मूळ टेप कुठेच नव्हती. एकच चालू बाहुली उरली होती, ती आईच्या कपाटात, साड्यांच्या मागे. भावाचा ऑफिसमधला एक जुना सहकारी आवाजाचं काम करायचा. त्याने त्या बाहुलीतून आवाज घेतला, खरखर काढली, आणि दोघं मला ऐकवायला घरी आले. संगणकातून स्वच्छ, ओला, सहा वर्षांचा आवाज आला. 'आई, कडेवर घे ना.' मला तो माझा वाटला नाही. कुणीतरी लहान मूल शेजारच्या खोलीत आहे आणि आपण उठून जायला हवं, असं वाटलं. मी खरंच अर्धी उठले होते.

"एवढा आवाज पुरे," सहकारी म्हणाला. "आता ही हवं ते बोलू शकेल. आपण विचारलं तर उत्तर देईल."

"पाच वाक्यं घ्या," मी म्हटलं. "त्यापुढे नको."

भाऊ मान डोलावून म्हणाला, "बरं."

आई भावाकडेच राहते, बिबवेवाडीला. दोनेक वर्षांपासून तिचं विसरणं वाढलं होतं. आधी गॅस, मग नावं, मग दुपार की सकाळ. एका रविवारी मी बिबवेवाडीला गेले तर आईच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येत होता.

"मग आज काय केलंस, आई?"

"पोहे केले. तुला शेंगदाणे आवडत नाहीत ना, म्हणून नाही घातले."

"मी शहाणी आहे की नाही?"

"आहेस गं बाई, आहेस."

मी दारात उभी राहिले. आई पलंगावर बसली होती, मांडीवर नवी बाहुली. आईचा चेहरा कित्येक महिन्यांनी जागा दिसत होता. भाऊ माझ्या मागे येऊन हळूच म्हणाला, "चाचणी चाललीय. रागावू नकोस. बघ तरी, किती बोलतेय ती."

बोलत होतीच. म्हणून मी रागावले नाही. मी आत गेले. आईने वर बघितलं आणि म्हणाली, "या, बसा." मग बाहुलीकडे वळून, "छकुली, पाहुण्या आल्यात."

छकुली ही मी होते. घरात दुसऱ्या कुणाला त्या नावाने कधी हाक मारली नव्हती.

मी भावाला म्हटलं, "ती मला ओळखत नाही."

"गेल्या महिन्यातही नव्हतीच ओळखत," तो म्हणाला. ते खरं नव्हतं. गेल्या महिन्यात तिने थोडा वेळ लावला होता, इतकंच.

त्यानंतर भावजयीचे फोन यायला लागले. ती बँकेत काम करते, फार बोलणारी नाही, पण फोनवर आवाज अगदी खाली आणून बोलायची. "अहो ताई, आई पहिला घास तिला भरवतात. फ्रॉकवर सगळा वरणभात." मग, "आई आंघोळीला उठत नाहीत. म्हणतात, ती एकटी पडेल." मग एकदा, "मी काल गुपचूप तिचे सेल काढले. आई माझ्या अंगावर धावून आल्या. म्हणाल्या, पोरीला मारलंस."

कारण मला नंतर समजलं. बाहुली काही वेळ एकटी राहिली, तिच्याशी कुणी बोललं नाही, की ती आपणहून म्हणायची, 'आई, तू कुठे गेलीस?' सहकाऱ्याने ते मुद्दाम तसं बसवलं होतं. मी त्याला फोन करून विचारलं. तो अगदी सरळपणे म्हणाला, "मूल खेळणं टाकून गेलं की परत यायला नको का, ताई? त्याशिवाय कसं चालणार?"

म्हणजे आई न्हाणीघरात गेली की तिचं मूल तिला हाक मारत होतं. दिवसभर.

मी त्याच दिवशी भावाकडे जाऊन वाद घातला. तो शेवटी म्हणाला, "बरं, ते काढून टाकायला सांगतो." मंगळवारी सकाळी सहकारी येऊन बाहुली घेऊन गेला. आईला सांगितलं, छकुली शाळेत गेलीय. आपण एक वाईट गोष्ट थांबवली असं मला ऑफिसात बसून वाटत होतं.

दुपारी भावजयीचा फोन आला. आई घरात नव्हती. तिला सांभाळायला येणाऱ्या बाई गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेल्या आणि तेवढ्यात दार उघडून ती गेली. सोसायटीत नाही, देवळात नाही, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. भाऊ गाडी घेऊन शोधत फिरत होता.

"सकाळपासून काही बोलत होती का?" मी विचारलं.

"एकच सारखं. तिला काचेच्या खोलीतून आणायला हवं, म्हणत होत्या. आम्हाला काही कळलं नाही."

मला कळलं. मी स्कूटर काढली ती थेट सदाशिव पेठेत. सिग्नलला गाडी दोनदा बंद पडली तेव्हा एका दुचाकीवाल्याने विचारलं, "बाई, शिकताय का?"

गल्ली ओळखू आली, घर नाही. तिथे आता चार मजली इमारत आहे आणि तळमजल्यावर स्पर्धा परीक्षांचे क्लासेस. मोठी काच तिथेही होती. आई तिच्यासमोर अनवाणी उभी होती आणि बोटांच्या पेरांनी काच वाजवत होती. आत मुलं मान खाली घालून पेपर सोडवत होती, एक-दोघं बघून हसत होती. दारातली मुलगी तिला समजावत होती, "आजी, इथे सगळे मोठे आहेत. लहान मुलगी कोणी नाही."

"आहे," आई म्हणाली. "आत आहे. तिला नुसतं सांगा, मी इथेच आहे. पाणी आणायला गेले होते."

मी तिचा हात धरला. "आई, मी आलेय. चल."

तिने माझ्याकडे सभ्यपणे बघितलं. "अहो, तुम्ही जरा आत सांगाल का? तुमचं ऐकतील."

"आई, मीच आहे ती. मी छकुली."

तिने मान हलवली. माझी तिला कीव आली असावी. "आवाज तो नाही हो," ती म्हणाली आणि परत काचेकडे वळली. तिची पेरं लाल झाली होती.

मी बरंच काही करून पाहिलं. वडिलांचं नाव घेतलं, लहानपणीचं सांगितलं. ती ऐकत नव्हती. क्लासचे सर बाहेर आले, लोक थांबायला लागले. शेवटी मी फोन काढला. भावाने मंजुरीसाठी पाठवलेला आवाज त्यात होता. मी तिच्या कानाजवळ नेऊन तो लावला.

'आई, कडेवर घे ना.'

आईने दोन्ही हात पुढे केले. मी फोन तिच्या हातात दिला. तिने तो छातीशी धरला, पदरात घेतला आणि मी नेईन तिकडे निमूट चालू लागली. स्कूटर तिथेच ठेवून मी रिक्षा केली. स्वारगेटपर्यंत ती त्या फोनला थोपटत होती. मधेच तिने मला विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत का?" मी "आहे, एक मुलगा" म्हटलं. ती म्हणाली, "जपा हो. क्षणभर नजर काढली की जातात."

भाऊ त्या संध्याकाळी आईच्या पायांना तेल लावत बराच वेळ बसला होता. मी ओरडायचं ठरवून गेले होते, पण त्याच्याकडे बघून ओरडले नाही. निर्णय भावजयीने घेतला. ती म्हणाली, "बाहुली काढा. पण उत्तरं देणारी नको, आणि ते शेवटचं वाक्य नको. दोन्हीपैकी एक जरी असलं तरी मी या घरात तिची पेटी ठेवू देणार नाही."

तशीच निघाली. चार वाक्यं आणि पाचवं 'टाटा, परत ये हं.' ते भाचीने म्हटलं, जिला त्यात काही वाटलं नाही. अंग कडक प्लॅस्टिकऐवजी कापडाचं केलं, सेलचं झाकण स्क्रूचं केलं, चेहरा आणि ठिपके जसेच्या तसे. आणि ती चालली. बायका दोन-दोन मागवतात, एक लेकीला आणि एक स्वतःला. 'ते वाक्य कुठे गेलं?' असं पुष्कळजणी विचारतात. भावजय सगळ्यांना एकच उत्तर लिहिते: 'ते आमच्याकडे नाही.'

आईने बाहुलीला काही दिवस शोधलं. पलंगाखाली, साड्यांच्या मागे. मग शोधणं थांबलं आणि त्याबरोबर बोलणंही जवळजवळ संपलं. मी रोज संध्याकाळी जाते, तिला जेवू घालते. ती मला अहो-जाहो करते. जुनं पाचवं वाक्य माझ्या फोनमध्ये अजून आहे. ते लावलं तर ती बोलेल, हे मला माहीत आहे. मी लावत नाही.

गेल्या आठवड्यात भाऊ माझ्याकडे आला. एका मोठ्या कंपनीची माणसं भेटून गेली होती. मला वाटलं, बाहुली विकत मागत असतील.

"बाहुली नकोय त्यांना," तो म्हणाला. "आवाज हवाय. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या लोकांसाठी काहीतरी करतायत. म्हणाले, असा आवाज कुठे मिळत नाही."

"तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं. अगदी स्पष्ट."

चहा निवत होता. मी विचारलं, "पण त्यांना तो ऐकायला कुठे मिळाला?"

भावाने कप उचलला, परत खाली ठेवला. "आवाजाचं काम केलं ना आपलं, त्याच्याकडे होता सगळा," तो म्हणाला. "दोन महिन्यांपूर्वी त्यांच्याकडेच नोकरीला लागलाय तो."