राघोबाच्या वाटीतलं

केडगावहून निरोप आला तेव्हा मी घोडेगावच्या गुरांच्या दवाखान्यात एका फुगलेल्या म्हशीला नळीनं औषध पाजत होतो. ओळखीचा एसटी कंडक्टर दारातूनच म्हणाला, "तुमच्या आत्या गेल्या. सकाळीच." हात धुतले आणि मिळेल ती गाडी धरली. नगर येईपर्यंत मला रडू आलं नाही, नुसता राग येत होता... कुणावर, ते कळत नव्हतं. आज पाच आठवडे झाले. आता कळतंय, म्हणून हे लिहायला बसलोय.

सुमनआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. यजमान लवकर गेले, पोरबाळ नाही. केडगावात पुणे रस्त्याच्या आत दोन खोल्या, शिवणयंत्र, गल्लीतल्या बायकांची झंपरं, आणि राघोबा. राघोबा म्हणजे गळ्यात लाल पट्टा असलेला पोपट. आल्यागेल्याला ती सांगायची, "ह्यो माजा थोरला." मी पडलो जनावरांच्या दवाखान्यातला माणूस, बैलाला सुई टोचणारा. पण आमच्या डॉक्टरांच्या हाताखाली कोंबड्या पुष्कळ पाहिल्या होत्या. पाला कमी पडला की कोंबडीचे डोळे चिकटतात, नाकपुड्या भरतात, पिसं राठ होतात. पोपट काही वेगळ्या मातीचा नसतो! पंधरा वर्षं मी एकाआड एक रविवारी आत्याकडे जात होतो, आणि पंधरा वर्षं आमचं भांडण एकच, राघोबाच्या वाटीतलं.

काय असायचं त्या वाटीत? चहात बुडवलेला टोस. शेंगदाणे. वर एक हिरवी मिरची, शास्त्राला म्हणून. सोमवारी, गुरुवारी, चतुर्थीला, एकादशीला आत्याचा उपास, मग राघोबालाही उपास! त्या दिवशी वाटीत साबुदाण्याची खिचडी, मीठ घातलेली. मी डोक्याला हात लावायचो. पिंजऱ्यापाशी बसून तिला एकेक खूण दाखवायचो. "हे बघ, दिवसाढवळ्या अंग फुगवून बसलाय, दोन्ही पायांवर. धडधाकट पोपट एक पाय पोटाशी घेऊन झोपतो. श्वासाबरोबर शेपूट वरखाली होतेय बघ. चोच वाढून तिचे पापुद्रे सुटलेत. हिरव्या पिसांत काळे डाग पडलेत." खालचा कागद काढून विष्ठा दाखवायचो, हिरवं कमी आणि पाणीच जास्त. मग राघोबाला फडक्यात धरून तिचं बोट त्याच्या छातीच्या हाडावर ठेवायचो. सुरीच्या पात्यासारखं लागायचं ते. "पोपट आजार लपवतो, आत्या. अगदी पडेपर्यंत दाखवत नाही. वाटी भरलेली दिसते, पण फुंकर मार, वर नुसती फोलपटं असतात. त्याला खाताना बघावं लागतं." मोठा आलो होतो शहाणा!

ती ऐकून घ्यायची. मान हलवायची. पुढच्या खेपेला वाटीत पुन्हा टोस. लाल भोपळा दे, मेथी दे, पेरू दे, मटकीला मोड आणून दे, हे मी इतक्यांदा सांगितलं की गल्लीला पाठ झालं असेल. गेल्या साली दुष्काळात तर तिनं मला गप्पच केलं. "आरं दत्तू, मान्सांला भाजी मिळंना, आन् तू पाखराला पाला मागतोस व्हय?" मी चिडलो. वाटी उचलली आणि टोससकट मोरीत उपडी केली. म्हणालो, "लाड नव्हेत हे. तू त्याला मारतेयस!" आत्यानं वाटी विसळली, पदरानं पुसली आणि पिंजऱ्यात परत ठेवली... रिकामीच. मग मला म्हणाली, "बस जेवायला. गार हुईल."

जेवण मात्र काय असायचं! बाजरीची गरम भाकरी, शेंगदाण्याचं कालवण, लसणाची चटणी, कुठून तरी पैदा केलेली भाजी. ती समोर बसून वाढायची. "तू घेत नाहीस?" विचारलं की म्हणायची, "माजं व्हईल मागनं." आमच्याकडे बायकांची पद्धतच ती, मी पुन्हा कशाला विचारतोय? हात धुवायचो, राघोबाच्या नावानं आणखी एक व्याख्यान द्यायचो आणि गाडी गाठायचो.

आत्या गेली त्या दिवशी मी पोचलो, तेव्हा तिला तपासायला आलेले डॉक्टर तिथंच होते. म्हणाले, "अंगात रक्तच नव्हतं हो. नीट जेवत होत्या का?" मी जवळजवळ भांडलोच त्यांच्याशी. म्हटलं, म्हणजे काय, सुगरण बाई होती ती! तेव्हा शेजारच्या लीलावहिनी दाराशी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "दत्तूभाऊ, तवा चढायचा तो तुमी यायच्या रविवारी. येरवी येकटीसाठी कोन थापतंय भाकरी? च्या आन् टोस. निम्मा राघोबाला, निम्मा तिला. उपासाचं बी तसंच."

म्हणजे ती राघोबाची वाटी नव्हतीच. ते तिचंच ताट होतं. पंधरा वर्षं माझ्या नाकासमोर होतं, आणि मी त्यात फक्त पोपटाचा आजार वाचला. आत्याची नखं पांढरी पडली होती, ओट्याला टेकून ती दम खायची, भर उन्हाळ्यात खांद्यावर शाल असायची... हे सगळं आता आठवतंय, काय उपयोग? गाय गोठ्यात शिरताना बघून सांगतो मी, की ही दोन दिवस खात नाही. आणि घरच्या माणसाला? तिचाही राग येतो. एका शब्दानं बोलली नाही बया! मी "मारतेयस" म्हटलं तेव्हा तरी म्हणायचं होतं, की दत्तू, मीही तेच खातेय रे.

राघोबा आता आमच्याकडे आहे. पहिले दोन दिवस त्यानं कशालाच तोंड लावलं नाही. भोपळा नाही, पेरू नाही, टोससुद्धा नाही. मी हात टेकले. तिसऱ्या दिवशी आमचं सगळ्यांचं उरकल्यावर बायको पिंजऱ्यासमोर आपलं ताट घेऊन बसली, तेव्हा हा दांडीवरून सरकत जवळ आला. तिनं मेथीचं पान धरलं, ते खाल्लं. दुसरं दिलं, तेही खाल्लं. आज त्याला नवी हिरवी पिसं फुटतायत, छातीच्या हाडावर मांस चढलंय, दुपारी एक पाय पोटाशी घेऊन झोपतो. पाच आठवडे फक्त! त्याला समोर कुणीतरी जेवणारं हवं होतं, बाकी काही नाही. मला आनंद व्हायला हवा, पण त्या टवटवीत पाखराकडे बघवत नाही.

परवा बायकोनं मला वाढलं आणि ती पोळपाट आवरायला वळली. मी उठलो, फळीवरून दुसरं ताट काढलं आणि माझ्याशेजारी आदळलं. ती दचकली. "अहो, आधी तुमचं तर होऊ द्या."

"आत्ता बस," मी ओरडलो. "माझ्यासमोर जेव. मला बघायचंय."

ती बसली. तिनं पहिला घास घेतला, आणि इतक्या दिवसांचं रडू मला तेव्हा आलं.